हेडेल कुशेलचे दोन अंगठे

डॉक्टर लिओपोल्ड व्रोन्कर यांच्याकडे येणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत अर्धा तपासून झालेला असे. गार्टेनश्ट्रासेवरच्या त्या इमारतीचा जिना लाकडी. डॉक्टर खुर्चीत डोळे मिटून बसत आणि पावलं ऐकत. "डावा पाय घासतोय. कठड्याला धरून चढतोय. पन्नाशीच्या पुढचा," असं ते बायकोला, झेल्माला, आतूनच सांगत. दार उघडावं, तर पन्नाशीच्या पुढचा एक गृहस्थ डावा पाय ओढत उभा. आमच्या ब्रेस्लाउत मज्जातंतूंचे डॉक्टर आठ-दहा तरी होते, पण कानाने रोग ओळखणारा हा एकच, असं लोक म्हणत. डॉक्टरांना ते आवडायचं. आवडत नाही असं ते दाखवायचे, एवढंच.

१९३६च्या फेब्रुवारीत मात्र ऐकायला पावलं फारशी उरली नव्हती. महायुद्धात आघाडीवर काम केलेलं आणि त्याचं पदक मिळालेलं, म्हणून विमा मंडळाचे रुग्ण तपासायची परवानगी त्यांच्याकडे अजून होती. बाकीच्या ज्यू डॉक्टरांची तीन वर्षांपूर्वीच गेली होती. पण परवानगी असली म्हणून लोक यायला हवेत ना! काही जण अंधार पडल्यावर येत, काही रस्त्यात दिसले की टोपी काढायची टाळत. ज्यूंच्या घरी ज्यू नसलेल्या तरुण बायका कामाला ठेवायच्या नाहीत, ह्या नवीन कायद्याने घरातली मोलकरीण गेली होती, त्यामुळे दार आता झेल्माच उघडे.

त्या मंगळवारी सकाळी जिना धडधडला.

"दोन-दोन पायऱ्या एकदम," डॉक्टर म्हणाले. "ही आजारी नाही. ही घाबरलेली आहे."

ट्राम कंडक्टरची बायको कुशेलबाई आत आली ती डोक्यावरचा रुमालही न सोडता. तिच्यामागे तिची सोळा वर्षांची मुलगी हेडेल. हेडेलला सहाव्या वर्षापासून आकडी यायची, आणि सहाव्या वर्षापासून ती व्रोन्करांचंच औषध घेत होती. ती आता टोप्या शिवणाऱ्या एका दुकानात कामाला होती आणि तिथूनच उठून आली होती. कामावरचा काळा एप्रन अंगावर तसाच होता.

कुशेलबाईने एक कागद टेबलावर आपटला.

"वाचा, डॉक्टरसाहेब. तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच वाचा."

कागद वंशआरोग्य न्यायालयाचा होता. हेडविग कुशेल, म्हणजे हेडेल, हिला आनुवंशिक अपस्मार असल्याचं कळवण्यात आलं आहे. तिला मूल होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया करण्याबाबत सुनावणी होईल. त्याआधी बारा मार्चला आरोग्य कचेरीत तपासणी. आधार म्हणून खाली एक ओळ उतरवलेली होती. 'अपस्मार, आनुवंशिक. आईच्या आईला झटके. डॉ. व्रोन्कर, १९२६.'

डॉक्टरांनी ती ओळ दोनदा वाचली. ओळ त्यांचीच होती. मागच्या शरद ऋतूत हेडेल ट्रामच्या थांब्यावर पडली, तिला एका इस्पितळात नेलं, इस्पितळाने जुनी नोंद मागवली, आणि डॉक्टरांनी तिची नक्कल स्वच्छ अक्षरात पाठवून दिली. नोंद मागितली की पाठवायची, हा तीस वर्षांचा शिरस्ता. नक्कल करताना हात थांबायला हवा होता, तो थांबला नाही.

"तेव्हा तो फक्त एक शब्द होता हो," ते म्हणाले. "पुस्तकातला. त्याने कोणाचं काही होत नव्हतं."

"आता होतंय ना!" कुशेलबाईचा आवाज फाटला. "तुम्ही विचारलंत, घरात आणखी कोणाला आहे का? मी आपली भोळसट, सांगून बसले. माझी आई चर्चमध्ये पडायची. उपाशीपोटी जायची म्हणून पडायची की कशाने, मला काय माहीत! मला वाटलं, डॉक्टरसमोर खोटं बोलू नये."

"आई, पुरे," हेडेल म्हणाली.

"पुरे कशी? तुला पोरं होणार नाहीत, कळतंय का तुला? तुला कापणार आहेत!"

हेडेलला कळत होतं. ती ओठ आत ओढून बसली होती, आणि मांडीवरच्या काळ्या एप्रनवर तिने दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले होते, शहाण्या मुलीसारखे.

डॉक्टर त्या हातांकडे बघत राहिले. इतका वेळ, की कुशेलबाईही बोलायची थांबली.

ह्या हातांचं थोडं सांगायला हवं. गेल्या वर्षापर्यंत व्रोन्कर दर गुरुवारी विद्यार्थ्यांना शिकवत. शिकवत म्हणजे काय, तर गप्प बसत. रुग्णाचे हात काळ्या मखमलीवर शेजारी शेजारी मांडायचे आणि विद्यार्थ्यांना म्हणायचं, बघा. मग एक अक्षर नाही. ज्याला दिसेल त्याने बोलायचं, न दिसेल त्याने बघत राहायचं. एकदा अकरा मिनिटं सगळा वर्ग गप्प होता. बाळपणी मेंदूच्या एका बाजूला इजा झाली, तर पलीकडच्या बाजूचा हात कणभर मागे राहतो. तो अधू होत नाही, कामाला चालतो, आईलाही कळत नाही. पण अंगठ्याचं नख बारीक राहतं. डॉक्टर म्हणायचे, नख खोटं बोलत नाही. आणि नख बारीक असलं, तर आकडी वंशातून आलेली नसते. ती त्या इजेतून आलेली असते.

हेडेलचं डाव्या अंगठ्याचं नख बारीक होतं.

"तुझे हात मी आधी का पाहिले नाहीत?" त्यांनी स्वतःलाच विचारलं, पण मोठ्याने.

"पाहिलेत की," हेडेल म्हणाली. "रागावायचात तुम्ही. मी नखं खायचे ना. मुळापर्यंत. दुकानात लागल्यावर मालकिणीने सोडवलं. रेशमात अडकतात म्हणून."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "आकडी यायच्या आधी तुला काय होतं?"

"अंगठ्यात मुंग्या येतात. ह्या, डाव्या. मग तो उडायला लागतो. मग मला काही कळत नाही."

"हे तू दहा वर्षांत कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही झोप विचारायचात, शौचाला होतं का विचारायचात, गोळ्या किती राहिल्या ते विचारायचात."

मग तिच्या आईला त्यांनी विचारलं, की ही तान्ही असताना काही झालं होतं का. कुशेलबाई म्हणाली, त्यात काय, डांग्या खोकला झाला होता आठव्या महिन्यात. खूप उबळ आली, डोळे फिरवले, आठवडाभर एक हात लुळा होता. मग हलवायला लागली. सगळ्याच पोरांना काही ना काही होतं. आणि डॉक्टरसाहेबांनी तेव्हा आजीचं विचारलं होतं, खोकल्याचं नव्हतं विचारलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मज्जातंतूंचा डॉक्टरच करील अशी ही चूक होती. आजी पडायची हे कळलं, सगळं कोडं एका वाक्यात सुटलं, आणि सुटलेल्या कोड्याकडे हुशार माणूस पुन्हा बघत नाही. एखाद्या खेड्यातल्या ढ वैद्याने तरी विचारलं असतं, बाळपणी काय काय झालं म्हणून.

तरी त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना. तीन वर्षं भीतीत काढलेला माणूस. त्याला जे हवं ते दिसायला किती वेळ लागतो? त्यांनी झेल्माला हाक मारली, मापाचा चिमटा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "दोन्ही अंगठ्यांची नखं मोज. का ते विचारू नकोस." स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. झेल्माने मोजलं.

"उजवं चौदा मिलिमीटर. डावं बारा."

"पुन्हा मोज."

"चौदा, बारा. लिओ, काय आहे हे?"

"पुन्हा."

"किती वेळा मोजलं की ते वाढेल असं वाटतंय तुला?" झेल्मा म्हणाली. तिने तरी मोजलं. बाराच आलं.

कुशेलबाईला समजावून सांगितल्यावर ती खुर्चीत बसली आणि रडली. मग नाक पुसून म्हणाली, "तर मग लिहा ना लगेच! 'माझं चुकलं, आनुवंशिक नाही.' लिहा आणि सही करा."

डॉक्टरांनी लेखणी उचललीही. झेल्माने ती त्यांच्या बोटांतून काढून घेतली. नवऱ्यापेक्षा तिला शहर जास्त कळत होतं, कारण बाजारात ती जायची.

"अहो बाई, ज्यू डॉक्टर म्हणतो की माझंच निदान चुकलं, ही मुलगी निरोगी वंशाची आहे. ते काय म्हणतील? म्हणतील, ह्याला पैसे चारले. तुमच्या मुलीचं आहे तेही बिघडेल."

"पण खरं आहे ना!"

"खरं आहे," झेल्मा म्हणाली. "सांगणारं तोंड आमचं आहे."

तेव्हा डॉक्टरांनी कागद पुन्हा हातात घेतला आणि तपासणी करणाऱ्याची सही पाहिली. डॉ. हानिश. हा त्यांचाच विद्यार्थी. तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होता, शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या टेबलावर बसून झेल्माच्या हातचा कार्प मासा दोनदा वाढून घ्यायचा. आता कोटावर पक्षाचा बिल्ला होता आणि व्रोन्कर समोरून आले की त्याला रस्त्याच्या पलीकडे काम निघे. पण गुरुवारच्या वर्गात सगळ्यात आधी दिसायचं ते ह्यालाच.

"तो बघील का?" झेल्माने विचारलं.

"बघायला मी शिकवलंय."

"आणि बोलेल का?"

डॉक्टरांनी कागद घडी करून कुशेलबाईला परत दिला.

त्यांनी हेडेलला समोर बसवून सांगितलं. "बारा तारखेला हाच काळा एप्रन घालून जायचं. बस म्हणाले की बसायचं, हात असे मांडीवर, अंगठे जवळ, नखं वर. ते काहीही विचारू देत, उत्तर द्यायचं, पण हात हलवायचे नाहीत. अंगठ्याचं नाव काढायचं नाही. माझं तर नाहीच नाही."

"आणि हात थरथरले तर?"

"थरथरू देत. घाबरलेल्या मुलीचे थरथरतातच."

"आणि नाकाला खाज आली तर?"

"हेडेल!" कुशेलबाई ओरडली. पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्या खोलीत कोणीतरी हसलं होतं.

बारा मार्चपर्यंतचे दिवस डॉक्टरांनी कसे काढले ते झेल्मालाच माहीत. जेवताना ते काटा ठेवून मध्येच म्हणत, "टेबल उंच असलं तर? टेबलाखाली हात दिसणारच नाहीत." झोपायच्या आधी म्हणत, "खिडकी उजवीकडे आहे की डावीकडे?" मुलीने घाबरून नखं पुन्हा खायला घेतली तर, ह्या विचाराने एकदा ते भर थंडीत टोपीच्या दुकानासमोरून दोनदा चालत गेले आणि काचेतून तिचे हात बघून परत आले. दुकानाच्या मालकिणीला वाटलं, म्हातारा चळला. झेल्माचा भाऊ समुद्रापार मॉन्टेव्हिडिओला होता, तो सारखा लिहायचा, निघा, निघा. ती पत्रं वाचून डॉक्टर म्हणत, "बारा तारीख होऊ दे." जीव असा टांगणीला लागला होता की आपण स्वतः कोणत्या देशात राहतो आहोत हेच ते विसरले होते.

बारा तारखेला त्यांनी एका रुग्णाच्या एकाच गुडघ्यावर चारदा हातोडी मारली. रुग्ण म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दुसराही आहे मला."

दुपारी तीनला जिन्यावर दोघींची पावलं वाजली. पावलांवरून डॉक्टरांना काहीच कळेना, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

हेडेलने सांगितलं ते असं. हानिशने आधी वेडगळ प्रश्न विचारले. आठवड्याचे दिवस उलटे सांग, अंधार का पडतो, घर कशाला म्हणतात. तो लिहीत होता, मान वर करत नव्हता. मग शाई टिपायला कागद शोधताना त्याची नजर तिच्या मांडीवर गेली. आणि तो थांबला.

"किती वेळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"खूप. टाकावरची शाई कागदावर गळली, तरी त्याला कळलं नाही."

"मग?"

"मग तो म्हणाला, असं हात ठेवून बसायला तुला कोणी शिकवलं?"

डॉक्टरांच्या हातातली हातोडी खाली पडली. हेडेलने ती उचलून दिली.

"मी म्हटलं, दुकानात. गिऱ्हाईक समोर असलं की हात असे ठेवायचे, नाहीतर मालकीण ओरडते. खरंच आहे ते."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. पट्टी काढली, मोजलं, आईला खोकल्याचं विचारलं. आणि म्हणाला, जा आता."

म्हणजे त्याला दिसलं होतं. दिसलं होतं, आणि एक शब्दही न बोलता हे हात त्याच्यासमोर कोणी मांडले आहेत, हेही त्याला कळलं होतं. आता तो ते कोणाच्या पदरात टाकतो, हेडेलच्या की पोलिसांच्या, एवढंच बाकी होतं. पुढचे सहा-सात आठवडे जिन्यावर जड बूट वाजले की झेल्मा उठून व्रोन्करांचा ओव्हरकोट खुंटीवरून काढून हातात धरून उभी राहायची. दोनदा कोळसेवाला होता. एकदा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू नवे बूट घालून आला होता. झेल्माने त्याला नव्या बुटांबद्दल शिव्या हासडल्या, त्याला कारण कळलं नाही.

एप्रिलच्या शेवटी कुशेलबाई आली. ह्या वेळी ती जिना हळू चढली. हातात घरी भाजलेला, वर साखर-लोण्याचा चुरा घातलेला श्ट्रॉइझलचा केक होता, फडक्यात बांधलेला, आणि केकखाली कागद.

"सुटली," ती म्हणाली. एवढंच म्हणून ती डॉक्टरांच्या हातावर कपाळ टेकवून उभी राहिली. डॉक्टरांना काय करावं कळेना. त्यांनी दुसऱ्या हाताने तिच्या डोक्यावरचा रुमाल नीट केला.

मग ती म्हणाली, "खाली एक ओळ आहे. माझा नवरा म्हणाला, ती फाडून ने. पण सरकारी कागद आहे, फाडायची हिंमत झाली नाही."

डॉक्टरांनी चष्मा लावला. आनुवंशिक रोग सिद्ध होत नाही. आठव्या महिन्यातल्या आजारात मेंदूच्या उजव्या भागाला इजा. अर्ज फेटाळण्यात येत आहे. आणि त्याखाली, हानिशच्याच अहवालातून घेतलेलं: 'कोणाही नवशिक्याला दिसावं असं हे लक्षण ज्यू डॉक्टर व्रोन्कर याने दहा वर्षं पाहिलं नाही. अक्षम्य हलगर्जीपणा. विमा मंडळाचं काम त्याच्याकडून काढून घेण्यासाठी प्रकरण पुढे पाठवत आहोत.'

झेल्माने खांद्यावरून वाचलं आणि ती लालबुंद झाली.

"मेला! माझ्या टेबलावर बसून दोनदा मासा वाढून घेणारा! ज्याने डोळे दिले त्यालाच आंधळा म्हणतो?"

"हळू बोल," डॉक्टर म्हणाले. "त्याने असं लिहिलं नसतं तर त्यांनी मानलं नसतं. माझं नाव असलेली नोंद खोटी ठरवायची, तर मला मूर्ख ठरवावंच लागतं."

"म्हणजे तिला वाचवण्यासाठी लिहिलं की तुला बुडवण्यासाठी?"

"मला माहीत नाही. कदाचित त्यालाही नसेल."

कुशेलबाई दाराशी अवघडून उभी होती. "मी जाऊन सांगू का कोणाला?" तिने विचारलं. "की तुम्हीच दाखवलंत म्हणून? हेडेल म्हणते, आपण सांगू या."

"खबरदार!" डॉक्टर इतक्या जोरात ओरडले की दोघी बायका दचकल्या. "तिला म्हणावं, हात खिशात घालून गप्प बस. लग्न कर. आणि तुम्हाला नातवंडं झाली की मला कळवा, मी कुठेही असलो तरी." मग आपण ओरडलो ह्याची लाज वाटून त्यांनी केकबद्दल आभार मानले.

ती गेल्यावर झेल्माने केक कापला आणि म्हणाली, भावाला आजच लिहिते. डॉक्टर नको म्हणाले नाहीत. कागद त्यांच्यासमोर तसाच होता. तीन वर्षांत ह्या सरकारने त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं होतं. परका, लबाड, रक्त पिणारा. ते वाचून त्यांना राग यायचा, कधी हसू यायचं, पण झोप गेली नव्हती, कारण त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं.

"खा ना," झेल्मा म्हणाली. "कशाला पुन्हा पुन्हा वाचतोस? विष आहे ते."

"एकतीस वेळा ती माझ्यासमोर बसली होती, झेल्मा. मी मोजलं. एकतीस वेळा."

"ती सुटली ना आता!"

"सुटली," ते म्हणाले. "पण ह्यात एक चूक नाही गं. माझ्याबद्दल लिहिलेल्या सगळ्यात हे एकच खरं आहे." आणि ते रडू लागले, तेव्हा झेल्माला वाटलं की ते देश सोडायच्या दुःखाने रडताहेत, म्हणून ती मॉन्टेव्हिडिओच्या हवेबद्दल सांगत राहिली.